समितीनं तपासलेलं चांदणं

मुलांनो, चुळबुळ न करता ऐका. एका जंगलात चित्रकला समिती होती. म्हणजे जंगल बरंच सुधारलेलं होतं.

त्या जंगलात सगुणा नावाची साळिंदरीण राहायची. सिंहमहाराजांच्या दरबारासाठी तिला चांदण्या रात्रीचं चित्र काढायला सांगितलं होतं. तीन महिने ती चांदण्यात तळ्याकाठी बसली. बारीक ब्रशनं तिनं तैलरंगाचे तांदळाएवढे फटकारे एकाला एक लावून ठेवले. निळे, जांभळे, हिरवे, मध्येच एखादा विटकरी. जवळून पाहिलं तर नुसते उंचवटे. दहा पावलं मागे सरलं, की तळ्याचं पाणी हलताना दिसायचं.

समिती भर दुपारी आली. अध्यक्ष तुर्रेराव रानकोंबडे आणि सदस्य पिसाजी मोर. दोघेही दिवेलागणीलाच झोपणारे. तुर्रेरावांनी चित्राला चोच टेकवली.

“हे खरबरीत का? सारखं करायला वेळ मिळाला नाही?”

“साहेब, जरा दहा पावलं मागे सरून बघता?”

“समिती मागे सरत नसते.”

“आणि बाई, चांदणं पांढरं असतं,” पिसाजी म्हणाले. “हे जांभळं कुठून आणलंत?”

“तळ्यावर दिसलं तसं काढलं. आपण कधी पाहिलंय चांदणं?”

“पाहायचं कशाला? आमच्याकडे त्यावर अहवाल आहे.”

सगुणाच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. “चित्राला हात लावू नका. रंग अजून ओला आहे.”

“ओला आहे तोवरच दुरुस्ती सोपी,” असं म्हणत तुर्रेरावांनी लाकडी पट्टी उचलली आणि चित्रावरून वरपासून खालपर्यंत फिरवली. तीन महिन्यांच्या रात्रींचा चिखल झाला. त्यावर पिसाजींनी ताटाएवढा पांढरा गोल काढला.

सगुणानं एकेक ब्रश पुसला आणि ती निघून गेली.

दरबारात महाराजांनी जांभई देत विचारलं, “हे काय आहे?”

“चांदणं, महाराज. समितीनं तपासलेलं.”

“मग असेल,” महाराज म्हणाले.

तुर्रेरावांना शाल मिळाली, पिसाजींना श्रीफळ. सगुणाला पत्र मिळालं: ‘यापुढे चांदण्या रात्रीची चित्रं दुपारी बारा ते चार या वेळेतच काढावीत. म्हणजे समितीला देखरेख करता येईल.’

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी चांदणं रंगवायची हौस आलीच, तर आधी ते पाहू नका. पाहिलं की चुका होतात. आणि रंगवायचाही कंटाळा असेल, तर थेट समितीवर जा.