नाना मिस्त्रींचा कान

नाना मिस्त्री गाडीचं बॉनेट कधीही आधी उघडत नसत. गाडी गॅरेजसमोर उभी राहिली की ते हात वर करून सगळ्यांना गप्प करत. शेजारच्या चहावाल्याला स्टोव्ह बंद करावा लागे. मग नाना पत्र्याच्या डब्यावर बसत, डोळे मिटत, मान तिरकी करत आणि विचारत, "हं, तिचं म्हननं काय हाय?"

मालकानं तोंड उघडलं की चिडत. "तुमाला न्हाई इचारलं. तिला इचारलंय."

जामखेडच्या स्टँडामागं त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. पण नानांच्या कानाची कीर्ती मोठी. जेवता जेवता रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा आवाज ऐकून ते म्हणे सांगायचे, "ह्याचं तिसरं नोझल गेलंय." आणि तिसरंच गेलेलं असायचं.

मी तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, तालुक्यात जनावरांचा डॉक्टर होतो. लिलावात एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जीप उभी असली तरी इंजिन असं गरजायचं, जणू कुणी अॅक्सिलेटरवर पाय दाबूनच धरलाय. मिस्त्री लोक याला 'रेस चढलीय' म्हणतात. एकदा मी गोठ्यापाशी पोचलो आणि तपासायची गायच दावं तोडून पळाली. शेतकरी हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, गाडी गावाभाईर लावत जा आन् चालत या."

नानांनी पहिल्या दिवशी कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला. दुसऱ्या खेपेला अॅक्सिलेटरच्या दांडीला तेल दिलं, नवी स्प्रिंग घातली. तिसऱ्या खेपेला म्हणाले, चोक अडकतोय. दर वेळी शेवटी ते रेसचा स्क्रू हळूहळू फिरवत, मान तिरकी करत आणि जीप ऊर फुटेस्तोवर ओरडत असताना समाधानानं मागं सरत.

"आता बरोब्बर."

मी पार गोंधळून गेलो. एवढा मोठा कानाचा माणूस बरोबर म्हणतोय, तर चूक माझ्याच कानाची असणार. चहावाल्याचं मत, पेट्रोलमध्ये पाणी आहे. आमचा कंपाउंडर म्हणाला, लिंबू-मिरची बांधा. बायको म्हणाली, "तुम्हीच पाय काढत नसाल." त्यानंतर आठवडाभर मी गाडी चालवताना रस्ता कमी आणि स्वतःचा पाय जास्त बघत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललं होतं.

नानांचं बोलणंही कोड्यातलं. मी विचारावं, "नाना, कधीपर्यंत होईल?" आणि त्यांनी म्हणावं, "व्हय, औंदा कांदा लई झालाय." मला वाटायचं, अनुभवी माणूस आहे, यात काहीतरी अर्थ असेल. घरी जाऊन मी त्या कांद्यावर विचार करत बसायचो.

रविवारी सकाळी दहा वाजता मात्र नाना गाडीला हात लावत नसत. धुतलेला सदरा घालून ते शेजारच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन बसत. त्यांची एकुलती एक लेक, संगीता, चिंचवडला दिली होती. तिचा फोन यायचा. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. नाना फोनवर सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलत. "व्हय, व्हय. बरं हाय. हिकडं पाऊस न्हाई. जावईबापूला नमस्कार सांग." तीन मिनिटांत फोन खाली.

आणि एका रविवारी तो फोन आलाच नाही. पुढच्याही रविवारी नाही. त्यांनी चिंचवडला नंबर लावून घेतला, तर तिकडून ठेवून दिला म्हणे.

"पोरगी रुसली, डॉक्टर," नाना मला म्हणाले. "म्या काय केलं ते कळंना. तेवढी एकच हाय वो मला." बोलताना ते एकच बोल्ट आवळत होते. तो आधीच आवळलेला होता.

तिसऱ्या रविवारी मी जीप घेऊन गेलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. धुतलेला सदरा घालून नाना डब्यावर बसले होते. फोन आला नव्हता. मला त्यांची दया आली आणि जीपचा संतापही. मी हातानं खूण करून म्हणालो, "नाना, अजून कमी करा. अजून. अजून."

त्यांनी नाइलाजानं स्क्रू फिरवला. जीपचा आवाज उतरला. महिन्यात पहिल्यांदा मला चहावाल्याचा स्टोव्ह ऐकू आला.

"बगा, पडली बंद," नाना म्हणाले आणि आत बसून त्यांनी स्टार्टर दाबला.

इंजिन चालू होतं. चालू इंजिनावर स्टार्टर दाबल्यावर लोखंडाचे दात लोखंडावर घासतात, आणि तो आवाज ऐकून मेलेलं माणूसही उठून बसेल. चहावाल्यानं कानावर हात ठेवले. नानांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबला.

मी इंजिनासमोर फिरणाऱ्या पंख्याकडे बोट दाखवलं. नानांनी बाहेर वाकून पंखा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग चावी फिरवून गाडी बंद केली आणि तसेच आत बसून राहिले.

त्या वर्षी जामखेडातल्या निम्म्या गाड्या उभ्या जागी का गरजत होत्या, ते मला तेव्हा कळलं. नानांना ऐकू येईपर्यंत ते प्रत्येकीची रेस चढवत होते. आणि कांद्याचाही अर्थ कळला. माझे ओठ बघून ते अंदाजानं उत्तर देत होते.

"दीड वरीस झालं," ते हळूच म्हणाले. "आदी एक कान गेला, मग दुसरा. कुनाला सांगू नका. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोन आनंल?"

मी मान डोलावली. मग जीप पुन्हा चालू केली, कारण मला आता एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. कार्बोरेटरच्या बुडाशी, सूं करून. मी नानांचं बोट धरून तिथं ठेवलं. शिट्टी थांबली आणि इंजिन आपोआप आणखी खाली बसलं. नानांनी दुसरा हात इंजिनावर ठेवला होता, त्यांना ते हातात कळलं. "हवा वडती हाय! प्याकिंग फाटलंय!" जाड कागदाचं नवं पॅकिंग कापून त्यांनी अर्ध्या तासात बसवलं. महिनाभराचं दुखणं अर्ध्या तासात गेलं, आणि मला आनंद झाला नाही. माझ्या डोक्यात तो बूथ फिरत होता.

"नाना," मी तोंड समोर धरून विचारलं, "फोनवर संगीता काय बोलते, ते तुम्हाला कळतं?"

त्यांनी मान हलवली. "तिचं त्वांड कुठं दिसतंय फोनात. ती बोलती येवढं बरं वाटतं. मी आपला व्हय-व्हय करतो."

मी त्यांना हात धरून बूथमध्ये नेलं, नंबर लावला. पलीकडून संगीता बोलली. मी कोण ते सांगितल्यावर एकदम फुटली. "डॉक्टर, मला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. आई न्हाई म्हणून मी नानांना तीनदा विचारलं, येऊ का? तीनदा म्हणाले, हिकडं पाऊस न्हाई. नको असंल तर सरळ न्हाई म्हणावं ना वो."

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि नानांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. हळू सांगून उपयोगच नव्हता. "संगीताला सातवा लागलाय! विचारतेय, बाळंतपणाला येऊ का!"

बूथबाहेर माणसं थांबली. चहावाला आला. दोन ड्रायव्हर आले, दोघेही नानांची गिऱ्हाइकं.

नानांनी रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला. कानाला लावलाच नाही, तोंडासमोर धरला आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलले, "ये गं बाय! आजच ये! मला ऐकू येत न्हाई गं. कान गेल्यात माजं. तू इचारत हुतीस आन् मी पावसाचं सांगत बसलो."

ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. रिसीव्हर माझ्या कानाला लावून ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"काय म्हनती? सांगा की. काय म्हनती?"

पलीकडं ती नुसती रडत होती.

मी सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं, "येते म्हणतेय."