मागच्या व्हरांड्यातला संप

देस ब्रॅनिगनच्या मते काम म्हणजे जिथून माणूस संध्याकाळी घरी परत येतो ते. ज्यासाठी घराबाहेर पडावंच लागत नाही ते काम नव्हे, फार तर दुखणं असेल. चौतीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बलाच्या गोदीत जहाजं भरण्यात आणि रिकामी करण्यात घालवलेल्या माणसाला असं मत बाळगायचा अधिकार होता, आणि निवृत्त झाल्यापासून ते ऐकवायला भरपूर वेळही होता. ऐकून घेणारं गिऱ्हाईक मात्र एकच उरलं होतं. त्याची सव्वीस वर्षांची मुलगी कर्स्टी. ती मागच्या बंद व्हरांड्यात बसून कॉम्प्युटरवर गेम खेळायची, खेळता खेळता बोलायची, त्याचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायची आणि या सगळ्याला काम म्हणायची.

"तू खेळतेस आणि लोक बघतात," देस म्हणायचा.

"हो."

"मग ते स्वतःच का खेळत नाहीत?"

"तू शनिवारी फुटबॉल बघतोस, तेव्हा स्वतः का खेळत नाहीस, बाबा?"

"माझा गुडघा."

यावर नोलीन, म्हणजे देसची बायको, शब्दकोड्यातून मान वर न करता "झालं तुमचं सुरू" एवढंच म्हणायची.

शेवटी रविवारी, भाजलेल्या मटणाच्या साक्षीने, बाप-लेकीत तह झाला. एका कंपनीने आपला नवा गेम बाजारात आणण्याआधी दहाच जणांना खेळायला दिला होता, आणि त्या दहांत कर्स्टी होती. शुक्रवारी दुपारी चारच्या आत व्हिडिओ चढवायचा. कंपनीला आवडला तर वर्षभराचा करार. वेळ चुकली तर करार नाही, आणि मग सोमवारपासून कर्स्टीने शेजारच्या गोरानच्या भाच्याच्या हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या डब्यांच्या विभागात, मुकाट्याने रुजू व्हायचं.

आपली बाजू भक्कम असावी म्हणून देसने गोदीतल्या दिवसांची जुनी वही बाहेर काढली. युनियनचा प्रतिनिधी असताना मुकादमांचा खोटेपणा पकडायला तो हीच वही वापरायचा. मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्याशी खुर्ची टाकून तो व्हरांड्याच्या खिडकीतून पोरीचा रिकामटेकडेपणा मिनिटामिनिटाने टिपून घेऊ लागला.

बुधवारची नोंद अशी होती: सात वाजून पाच, बसली. नऊ चाळीस, त्याच दगडावरून उडी, अठराव्यांदा. दहा वाजता चहा नाही.

"अठरा वेळा पडलीस की गं," देसला राहवेना.

"पडत नाहीये मी. उडी जमतेय, पण त्याच वेळी बोलते ते वाक्य रटाळ होतंय. दोन्ही एकदम जमायला हवं. आणि बाबा, खिडकीतून बोलू नकोस, तुझा आवाज येतो त्यात."

एकोणिसावी उडी त्याच्यामुळे वाया गेली. देसने तीही टिपली.

गुरुवारी मात्र वही भलतंच बोलू लागली. दहाला चहा नाही. एक वाजता सँडविच आलं, ते तीनपर्यंत तसंच पडून. तीनला चहा नाही. पाच वाजता शेजारचा कुत्रा भुंकला म्हणून दोन तासांचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकूण उड्या त्रेचाळीस. एकूण तास अकरा. स्मोको, म्हणजे गोदीतली चहाची हक्काची सुट्टी, एकही नाही.

देसने ती शेवटची ओळ दोनदा वाचली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्मोकोला सात मिनिटं उशीर झाला म्हणून याच माणसाने एकदा अर्ध्या भरलेल्या जहाजावरून दोनशे माणसं खाली उतरवली होती. आपण ही वही कशासाठी उघडली होती हे तो साफ विसरला.

"तुझा साहेब कोण?" त्याने व्हरांड्यात शिरून विचारलं.

"मीच."

"मग मला तुझ्या साहेबाशी बोलायचंय."

"बाबा, मी कामात आहे."

"तेच म्हणतोय मी. अकरा तास. हा साहेब माणूस आहे का कोण आहे?"

शुक्रवारी सकाळी नोलीन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, खेळायला क्लबात गेली, आणि कपडे वाळत घालायच्या तारेखाली रीतसर सभा भरली. हजर दोघं. देस, आणि गोदीत तीस वर्षं क्रेन चालवलेला गोरान, ज्याला कोणत्याही संपाला नाही म्हणणं ठाऊक नव्हतं. ठराव एकमताने मंजूर झाला. कर्स्टीलाही मत होतं, पण ती आत काम करत होती. दहाच्या ठोक्याला व्हरांड्याच्या दारात दोन घडीच्या खुर्च्या, युनियनचा विटलेला झेंडा आणि सॉसेजची शेगडी अशी संपाची फळी उभी राहिली, जी ओलांडून कुणी कामाला जायचं नसतं. पुठ्ठ्यावर देसने स्वतः रंगवलं: 'स्मोको नाही तर उडी नाही'.

"बाबा, मला चार वाजेपर्यंत व्हिडिओ चढवायचाय," कर्स्टी दारातून म्हणाली.

"साहेबाने चर्चेला यावं. आम्ही इथेच आहोत."

"बाहेर पडताना तरी पाय बाजूला घेशील का?"

"साहेब लोकांना फळी ओलांडता येते. त्यांना लाज नसते."

इथवर सगळं निभावलं असतं. पण फळी म्हटली की चहा आला, आणि गोरानने क्लबातून पन्नास माणसांचा विजेचा मोठा चहाचा बंब आणला होता. त्याने वायर खिडकीतून आत सोडली आणि दिसेल त्या प्लगात खुपसली. बंबाने एकच सुस्कारा टाकला. आत काहीतरी फट्‌ झालं, इंटरनेटच्या डब्यातून धूर निघाला आणि भिंतीवरचा सॉकेट काळा पडला. घर डोंगराच्या पायथ्याशी, तिथे मोबाइलला सिग्नलची जेमतेम एक दांडी येते. तिच्यावरून एवढा व्हिडिओ चढवायचा म्हणजे नाताळ उजाडला असता.

कर्स्टी ओरडली नाही. तिने फोन उचलून दुरुस्तीवाल्याला बोलावलं, आणि मग पायरीवर बसून राहिली. ते देसला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

दुरुस्तीवाला रॉडनी पावणेतीनला आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, हातात हत्यारांची पेटी. बाजूच्या वाटेने आत येऊन त्याने झेंडा पाहिला, पुठ्ठा वाचला, पेटी खाली ठेवली आणि टोपी काढली.

"काय झालंय, कॉम्रेड?"

"स्मोको," गोरान म्हणाला. "अकरा तास, एकही नाही."

"छ्या," रॉडनी हळहळला आणि त्याने खुर्ची ओढली. "सॉसेज आहे का एखादं?"

"अरे, खातोस काय? आत जा, डबा बदल," देस म्हणाला. "मी परवानगी देतो."

"फळी ओलांडून? माझा बाप रेल्वेत होता, दादा. असलं काही केलं असतं तर त्याने मला घरात घेतलं नसतं. आणि एकटा माणूस फळी उठवू शकत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं? सभा घ्या, समझोता करा, मी इथेच आहे."

 हे वाक्य देसने स्वतः किती पोरांना घोकवलं होतं. घड्याळात तीन वाजून पाच झाले होते.

कर्स्टी पायरीवरून उठली. "बाबा, समझोत्याची काही गरज नाही. तू एवढंच म्हण, की मी करते ते काम नाही. काम नाही म्हणजे संप नाही, संप नाही म्हणजे फळी नाही. रॉडनी आत जाईल. दोन वर्षं रोज म्हणतोयस, अजून एकदा म्हण."

"बरोबर आहे," रॉडनी चघळत म्हणाला. "काम नसेल तर या नुसत्या खुर्च्याच आहेत."

सोपं होतं. चार शब्द, तेही पाठ झालेले. देसने तोंड उघडलं. मांडीवरची वही उघडीच होती, आणि तिच्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं त्रेचाळीस. त्याची जीभ रेटेना. गोरान त्याच्याकडे बघत राहिला, मग शेगडीवरची सॉसेजं उलटू लागला.

"कागद आण," देस शेवटी म्हणाला.

"बाबा, तीन दहा झालेत."

"कागद आण म्हटलं ना. आणि लिही. पहिलं कलम. हे काम आहे." त्याने घसा साफ केला. "कष्टाचं काम आहे. पुढे. दहाला स्मोको, तीनला स्मोको, एक वाजता जेवण, बसून."

कर्स्टीने खाली मान घालून लिहिलं.  मग तिने साहेब म्हणून एक सही केली, कामगार म्हणून दुसरी केली आणि पेन खाली ठेवलं नाही.

"साहेबाचंही एक कलम आहे," ती म्हणाली. "साहेबाला चहा करायला वेळ नाही. दोन्ही वेळचा चहा युनियनने आणून द्यायचा. रोज."

"मान्य. मान्य. उठा रे," देस घाईने सही करत म्हणाला, आणि चौतीस वर्षांत न वाचता केलेली ती त्याची पहिलीच सही ठरली. खुर्च्या दुमडल्या गेल्या. रॉडनी पेटी उचलून आत धावला. तीन पन्नासला नवा डबा लुकलुकला, आणि तीन अठ्ठावन्नला व्हिडिओ चढला. त्यात सातव्या मिनिटाला लांबून एक माणूस "अठरा वेळा पडलीस की गं" म्हणताना ऐकू येतो. वाया गेलेल्या उडीचा तो तुकडा कर्स्टीने मुद्दाम ठेवला होता.

करार झाला. हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे विकायला दुसरं कुणी मिळालं. आणि देस रोज दहाला आणि तीनला ट्रे घेऊन व्हरांड्यात जाऊ लागला. रविवारी जावं लागे, पावसात जावं लागे, गुडघा धरला तरी जावं लागे. चहाचं ते कलम पाच फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात मटकन बसला. "एकवीस दिवस झाले, नोलीन. एक सुट्टी नाही. फुटबॉल अर्धा सोडून उठतो मी. कुणी विचारत नाही, कुणी मोजत नाही."

नोलीनने शब्दकोड्यातून मान वर केली. एवढ्या वर्षांत ती अशी क्वचितच वर आली होती.

"देस," तिने शांतपणे विचारलं, "चहा करून देणं हे काय काम आहे का?"

 देसची नजर शेगडीवर गेली, किटलीवर गेली, इतकी वर्षं नोलीनच्या हातात झिजलेल्या किटलीच्या मुठीवर गेली. त्याने उठून दोन कप विसळले, पाणी ठेवलं. मग थोडा थांबला आणि फळीवरून तिसरा कप काढला.