निळ्या स्वेटरवाल्या

वॉशिंग मशीन 'टुंई' करून थांबलं आणि दुपारची शांतता भंगली. चार वर्षांची लेक चुळबुळली. आईनं मोबाइल उशीखाली सरकवला, झोपल्याचं सोंग घेतलं. पण लेक उठलीच.

हे रोजचंच. एका साप्ताहिकात आई फारशा कुणी न पाहिलेल्या सिनेमांवर लिहायची. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचे सिनेमे. ते पाहायचे लेकीच्या झोपेत, तुकड्यातुकड्यानं, आणि सासूबाई कपड्यांच्या घड्या घालायला आल्या की मोबाइल तिरका धरून. "काय गं बघतेस?" "दोन मैत्रिणींचं आहे." विषय संपला.

तेवढ्यात संपादकबाईंचा फोन.

"अगं, तुझ्या लेखातली होडीवाली घड्याळवालीच्या प्रेमात कधी पडली?"

"पहिल्याच पावसात. धक्क्यावर."

"मी फोटोसाठी लेख दिग्दर्शिकेला पाठवला, तर ती म्हणते, माझ्या सिनेमात घड्याळवालीच नाही!"

"असं कसं? अर्धा सिनेमा ती घड्याळं दुरुस्त करत बसलीय."

"ती दुसऱ्या सिनेमात. मी तुला दोन पाठवले होते ना? आणि घड्याळवालीच्या गावात नदीच नाही. होडी चालली कशावर?"

तिला काही सुधरेना. दोन सिनेमे? मोबाइल उघडला, तर खरंच दोन. एक अर्धवट सोडला की मोबाइल दुसराच पुढे दामटत होता, आणि दोन्हींत एकीला निळा स्वेटर, आखूड केस.

"पाच वाजता पान छापायला जाणार," संपादकबाई म्हणाल्या. "मागे शेवट न बघता लिहिलंस, आता हे. नीट करून दे, नाहीतर सदर बंद."

साडेतीन वाजले होते. दोन्ही सिनेमे मिळून साडेतीन तासांचे. ते सदर, एवढंच तर तिचं स्वतःचं होतं. तिनं डोकं धरलं. छत्री कुणाची? पत्र कुणी फाडलं? स्टेशनवर रडली ती कोण?

"शिक्षिका रडली," दारातून सासूबाई म्हणाल्या. हातात चादर. "होडीवालीची ती शिक्षिका, तिलाही निळा स्वेटर. घड्याळवालीची नर्स. पत्र नर्सनं फाडलं."

तिनं डोक्यावरचा हात काढला. "तुम्ही... पाहिलेत?"

"तुझ्या खांद्यावरून. आवाज नव्हता म्हणा, तो तुझ्या कानात. डोळे मात्र माझेच होते."

"मी तर मोबाइल तिरका..."

"मग मीही तिरकी उभी राहायचे. मान धरली माझी. आणि मैत्रिणी म्हणे! मैत्रिणी अशा बघतात होय एकमेकींकडे? लिही आता, वेळ कुठंय."

सासूबाई सांगत गेल्या, सून लिहीत गेली. पाचला दहा मिनिटं असताना दोन वेगळे लेख गेले. संपादकबाईंचा निरोप आला: "बरोबर आहे आता. पण खरं सांगू? आधीचंच गोड होतं."

लेक इतका वेळ पलंगावर गाल फुगवून बसली होती. गेले दोन आठवडे जेवताना तिनं होडीवाली आणि घड्याळवालीचीच गोष्ट ऐकली होती.

"आई, त्या दोघी भेटल्याच नाहीत?"

"नाही गं राणी. माझी चूक झाली."

"कध्धीच?"

"कधीच."

लेकीनं फुगवलेले गाल सोडले.

"मग होडीवालीला ती एवढी आवडते कशी?"

आईनं आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.