राउटरला दिलेला हुकूम

राउटरची सेटिंग बदलायला बटणं दाबत बसणारी माणसं मला कधीच पटली नाहीत. खरा जाणकार लॅपटॉपवर काळा पडदा उघडतो, पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहितो आणि राउटर निमूटपणे ऐकतो! हे ज्ञान मला तीन व्हिडिओ बघून प्राप्त झालं होतं. वापरायची संधी तेवढी मिळत नव्हती. ती बायकोच्या मुलाखतीच्या दिवशी मिळाली.

मुलगी लहान म्हणून बायकोने परिचारिकेची नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. आता एका मोठ्या रुग्णालयाने तिला मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी बोलावलं होतं. मुलाखत लॅपटॉपवर, बरोबर अकरा वाजता. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"नेट जाणार नाही ना हो?" तिने दहाव्यांदा विचारलं.

"मी घरात असताना?" मी म्हणालो आणि काळा पडदा उघडला.

साडेदहाला राउटरकडून जोडलेल्या उपकरणांची यादी मागवली. सात निघाली! मुलगी शाळेत. घरात आम्ही दोघं आणि लेकीला धीर द्यायला आलेल्या सासूबाई. तिघांचे तीन फोन, दोन लॅपटॉप. मग उरलेली दोन कुणाची?

"कुणीतरी आपलं नेट चोरतंय! वरचे काकाच असणार."

"विचारून येऊ का?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, चोराला कुणी विचारून येतं का?"

मी कागदावर बेत आखला. हुकूम पहिला: सगळ्यांना बाहेर काढ. हुकूम दुसरा: बायकोच्या लॅपटॉपला आत घे. म्हणजे सगळं नेट तिला एकटीला! पहिला हुकूम लिहिला, एंटर दाबलं. दुसरा लिहायला गेलो, तर पडद्यावर अक्षरच उमटेना.

राउटरने सगळ्यांना बाहेर काढलं होतं. त्या सगळ्यांत हुकूम सोडणारा मीही होतो!

"अहो, नेटच्या चिन्हावर फुली आलीये!" आतून आवाज आला.

"ती... ती सुरक्षेची फुली आहे!" मी ओरडलो.

आमचं घर तळमजल्यावर. मोबाइलला रेंज येते ती फक्त बाथरूमच्या खिडकीत, तीही मर्जी असेल तर. शेवटी लाज गुंडाळून ठेवून वर पळालो आणि काकांचं दार ठोठावलं.

"काका, दोन तास तुमचं नेट द्याल?"

"नेट? मी घेतलंच नाही कधी," काका म्हणाले. "पेपर हवा का?"

(ते दोन चोर नंतर सापडले. आमचा टीव्ही आणि कपाटावर पडलेला माझाच जुना फोन!)

धापा टाकत खाली आलो. बायको बाथरूममध्ये उपड्या बादलीवर बसली होती. नवा शर्ट, नीट बांधलेले केस, मांडीवर लॅपटॉप, खिडकीत फोन.

"मागे गीझर दिसतोय का हो?" तिने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. पायांखालची फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"जावईबापू, तो डबा एकदा बंद करून चालू करून बघा की," सासूबाई म्हणाल्या.

"आई! त्याला कुणी हात लावायचा नाही! तो काय मिक्सर आहे?"

दहा बावन्न. फोनची रेंज गेली म्हणून बायको बाहेर आली, तर बादलीवर अवघडून बसल्याने शर्टाची पार दशा झाली होती. सासूबाईंनी इस्त्री उचलली आणि समोरचा प्लग खस्सकन उपटला. राउटरचा!

"आई!!!"

"ओरडू नका. तीन मिनिटांचं काम आहे."

मी डोकं धरून खाली बसलो. शर्ट झाला, प्लग परत लागला. दिवा लागला. दुसरा लागला. दहा अठ्ठावन्नला तिसराही लागला आणि बायको किंचाळली, "आलं! नेट आलं!"

माझा हुकूम राउटरने ऐकला होता, पण नोंदवून घेतला नव्हता. वीज गेल्याबरोबर विसरला. हुकूम कायमचा कसा करायचा ते चौथ्या व्हिडिओत होतं म्हणे.

अकराला खोलीचं दार बंद झालं. मी दाराला कान लावला.

"हाताखालचा एखादा माणूस अर्धवट ज्ञानावर भलतं धाडस करत असेल, तर काय कराल?" पलीकडून प्रश्न आला.

"ओरडणार नाही," बायको शांतपणे म्हणाली. "यंत्रापासून लांब नेईन आणि हातात दुसरं साधं काम देईन. पंधरा वर्षांचा अनुभव आहे मला."

"पंधरा? अर्जात तर नऊच लिहिलीत."

"बाकीची घरची."

पलीकडे सगळे खळखळून हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. ते दुसरं साधं काम म्हणजे काय, एवढंच कळेना.

तेवढ्यात सासूबाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातात इस्त्री ठेवली.

"गार झालीये. वायर नीट गुंडाळून ठेवा, बापू."