यंत्राला लागलेलं मावशीचं वळण

"उद्या परीक्षक स्वतः येऊन खुर्चीत बसले ना, तरी घास तोंडातच जाईल! दोन मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही!" असं पानानं भर प्रयोगशाळेत टेबलावर थाप मारून सांगितलं.

माणसानं असं बोलू नये. ऐकणारा वर बसलेला असतो, आणि त्याच्या हाताशी उद्याचा अख्खा दिवस मोकळा असतो.

पाना म्हणजे मेकॅट्रॉनिक्सच्या पदव्युत्तर वर्गाची, शेवटच्या वर्षाची मुलगी. तिला खरं नाव होतं, ते हजेरीपटावर सुखानं नांदत होतं. पण अंबाड्यात काटा खोवायच्या जागी ती दहा नंबरचा पाना खोवत असे, आणि मग काय, बारशाची पत्रिका कोण बघतो! आता मेकॅट्रॉनिक्स म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर तिचे सर सांगायचे, "यंत्र बिघडलं की यांत्रिकीवाले वीजवाल्यांकडे बोट दाखवतात, वीजवाले संगणकवाल्यांकडे. मेकॅट्रॉनिक्सवाल्याला बोट दाखवायला कुणी उरत नाही. तो विषय."

पानाचा प्रबंध होता भरवणाऱ्या हातावर. ज्यांचे हात थरथरतात, घास तोंडापर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी सहा सांध्यांचा एक अ‍ॅल्युमिनियमचा हात. पुढं चमचा, वर कॅमेरा. समोरच्या माणसानं तोंड उघडलं की कॅमेऱ्याला कळायचं, आणि हातानं घास न्यायचा. कल्पना पुण्यकर्माची होती. अडचण एवढीच, की हाताला भरवायला शिकवायचं कुणी?

शिकवायची रीत सोपी होती. मोटारी ढिल्या सोडायच्या, हाताला हात धरून ती हालचाल करून दाखवायची, लहान मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला लावतात तशी. हात ती लक्षात ठेवतो. पानानं आधी स्वतः शिकवून पाहिलं. सरांनी दोन मिनिटं बघितलं आणि चष्मा काढला.

"अगं, हा भरवत नाहीये. हा भिंतीला गिलावा करतोय."

"सर, पण कोन बरोबर आहेत."

"गवंड्याचेही कोन बरोबर असतात!"

तेव्हा पानाला मावशी आठवली. पाना मावशीकडेच राहायची, लहानपणापासून. मावशीनं एकतीस वर्षं बालवाडी चालवली होती. अर्धं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालं होतं, त्यातले काही आता टक्कल पडलेले होते, तरी तिला रस्त्यात बघून तोंड पुसायचे. भरवणं या शास्त्रातला याहून मोठा अधिकारी मिळणं शक्य नव्हतं.

मावशी प्रयोगशाळेत आली, तिनं हाताला वरून खालून न्याहाळलं आणि म्हणाली, "वाळलाय बिचारा." मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "आणि भरवू कुणाला? खुर्चीला? तोंड दिसल्याशिवाय माझा हात नाही चालायचा, सांगून ठेवते."

म्हणून खुर्चीत पाना बसली. मांडीवर संगणक, डोळे पडद्यावर, आणि मावशी त्या यंत्राच्या मनगटाला धरून कुस्करलेलं केळं भरवतेय! साठ वेळा. दोन दिवसांत साठ घास. मधूनमधून मावशीचं चालूच, "लक्ष कुठंय तुझं? गिळ आधी. मग बघ ते आकडे. आकडे कुठं पळून जात नाहीत." पाना गिळायची आणि तोंड मिटून पुढचा आकडा बघायची.

त्या साठ हालचाली पानानं आपल्या सूत्रात घातल्या. या सूत्राचा तिला भारी अभिमान. ते गाळणीसारखं होतं. जे कधी झालं, कधी नाही, ते टाकून द्यायचं. जे साठच्या साठ वेळा झालं ते ठेवायचं. "एकदा घडतो तो अपघात, साठ वेळा घडतो तो नियम," असं तिनं प्रबंधात ठळक अक्षरांत छापलं होतं. घास तोंडात गेल्यावर आलेखावर काही लहानमोठे उंचवटे दिसत होते, साठही वेळा. त्याखाली, प्रबंधाच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर, तिनं लिहिलं, 'किरकोळ कंपन.' आणि चाचणी घेतली ती प्लॅस्टिकच्या मुंडक्यावर. चमचा ओठांना टेकला की ती हात थांबवायची, पट्टीनं अंतर मोजायची, आकडा टिपायची. शंभर चाचण्या, शंभरदा बरोबर. त्यापुढं हात काय करतो, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. घास तोंडाशी गेल्यावर आणखी काय राहिलं?

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत कात्रीसाहेब. त्यांनी नापास केलं की वर्ष पुन्हा, प्रबंध पुन्हा, सगळं पुन्हा. सकाळपासून त्यांनी तिघांना कापलं होतं. करडा कोट, वरच्या खिशात एकच पेन, आणि चेहरा असा की हसू त्याच्या आसपास फिरकायला परवानगी मागेल.

"सकाळपासून तीन यंत्रं बघितली," ते बसता बसता म्हणाले. "एक चालू झालं नाही. एक बंद झालं नाही. तिसऱ्यानं पेला टेबलावर ठेवायचा तो माझ्या मांडीवर ठेवला. भरलेला." मग प्लॅस्टिकच्या मुंडक्याकडे बोट करून म्हणाले, "हे बाजूला करा. याला चव नाही, मत नाही. मी बसतो."

सरांचा चेहरा पडला. पानाचा खुलला. तिनं रुग्णांची खुर्ची पुढं ओढली. खुर्चीला कमरेचा पट्टा होता; साहेब नियमाचे पक्के, त्यांनी तो स्वतःच करकचून लावून घेतला. गळ्याशी कापड मात्र नको म्हणाले. समोर वाटी, वाटीत केळं. पानानं कळ दाबली.

हात डौलात उठला, वाटीतून घास उचलला, तोंडापासून चार बोटांवर थांबला. साहेबांनी दंतवैद्यापुढं उघडावं तसं तोंड उघडलं. चमचा आत गेला. अलगद! दोन मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही! सरांनी रोखलेला श्वास सोडला. पानाचा हात सवयीनं थांबवायच्या कळीकडे गेला.

साहेबांनी बोट वर केलं. तोंडात घास होता, म्हणून खुणेनंच सांगितलं: राहू दे, चालू दे.

आणि हात चालू राहिला.

आधी त्यानं चमच्याच्या कडेनं साहेबांची हनुवटी निपटली आणि निपटलेलं परत तोंडात घातलं. मग गालावर दोनदा हलकेच मारलं. टक. टक. गिळ.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. म्हणायला तोंड उघडावं लागतं. कॅमेऱ्यानं पाहिलं, दुसरा घास आत.

"अहो, मी विचा..." तिसरा.

"थांब..." चौथा. हनुवटी निपटली. टक. टक.

"सर, बोलू नका!" पाना ओरडली. "तोंड उघडलं की त्याला वाटतं भूक लागलीय!"

साहेबांनी ओठ घट्ट मिटले. झालं! मिटलेल्या तोंडाचीही हाताकडे तयारी होती. चमचा मागं गेला, हवेत एक मोठी गिरकी घेतली, पाखरासारखा वळला, घिरट्या घालत खाली आला आणि साहेबांच्या नाकाच्या शेंड्याला टिचकी मारून गेला. कुणाचंही तोंड अशा वेळी उघडतं. पाचवा घास!

"बंद कर!" सर ओरडले.

पण पाना खांबासारखी उभी. कारण ती त्या गिरकीकडेच बघत राहिली होती. ही गिरकी तिनं पाहिली होती. हे गालावरचं टक टक तिनं वीस वर्षं खाल्लं होतं. इतकं खाल्लं होतं, की मागच्या महिन्यात साठ वेळा पुन्हा खाल्लं तेव्हा तिला त्यात काही वेगळं वाटलंच नाही! माणसाला स्वतःच्या घराचा वास येतो का कधी?

"मावशी!" ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" सर.

"सर, ते कंपन नव्हतं. ती मावशी होती. चौऱ्याऐंशीव्या पानावर."

"पानाचं नंतर बघू! आधी ते..."

तिकडे साहेब कमरेचा पट्टा सोडवायला बघत होते. पण बोटं केळ्यानं बुळबुळीत झालेली, बक्कल निसटतंय. ते अर्धवट उठू लागले की चमचा त्यांच्या डोळ्यांपुढं वर-खाली नाचायचा. उठायचं नाही. ताटावरून उठायचं नाही! सहा, सात, आठ. कोपऱ्यात उभे असलेले प्रयोगशाळेचे काका हात जोडून म्हणाले, "अगदी आमच्या बालवाडीच्या बाईंसारखंच हो! बाईंकडून शिकलाय वाटतं?" आणि त्यांनी नकळत स्वतःचंही तोंड पुसलं. नऊ. दहा.

अकराव्या घासाला पाना भानावर आली आणि तिनं लाल बटणावर मूठ आपटली. वीज गेली, सहाही सांधे एकदम सैल पडले, हात झोपी गेल्यासारखा कोसळला आणि चमचा थेट साहेबांच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी, जाऊन बसला. केळ्यासकट.

सरांनी नजर वाटीवर खिळवली. इतकी, की त्यातलं केळं काळं पडताना दिसलं असतं.

साहेबांनी गिळलं. रुमाल काढला, तोंड पुसलं, गाल पुसले, चमचा खिशातून काढून टेबलावर ठेवला, मग पेन काढून तेही पुसलं. पानानं मनातल्या मनात अख्ख्या वर्षाला निरोप दिला.

"याला हे कुणी शिकवलं?"

खोटं बोलायची सोय होती. 'यंत्रात बिघाड' हे दोन शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतात. पण पानाच्या तोंडून खरं तेच आलं. "मावशीनं, सर. ती साठही वेळा तसंच करते. मी ते बघितलं नाही. माझी चूक आहे."

साहेबांनी अहवालाचा कागद पुढं ओढला आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग वाचून दाखवलं, आवाजात चढ नाही की उतार नाही:

"अकरा घास दिले. अकराही तोंडात गेले. त्यातले दहा मी नको म्हणत असताना. अचूकतेबद्दल शंका नाही. समोरचा माणूस नको म्हणतो, हे हाताला कसं कळावं, यावर एक नवं प्रकरण लिहावं. महिन्याच्या आत द्यावं." त्यांनी कागद सरांकडे सरकवला. "दुरुस्तीच्या अटीवर, उत्तीर्ण."

दारापर्यंत जाऊन ते वळले. पानाला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"केळं थोडं कमी पिकलेलं घ्या," ते म्हणाले आणि गेले.

पाना घरी धावत आली. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे! मावशी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"मावशी, पास झाले! पास! परीक्षक स्वतः बसले होते! अकरा घास, अकराही तोंडात!"

मावशीचे डोळे भरून आले. देवापुढं हात जोडले, पानाच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिनं विचारलं, "आणि वाटी?"

"कसली वाटी?"

"केळ्याची गं. संपवली का त्यांनी?"

"नाही... अर्धी राहिली असेल."

मावशीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"अर्धी वाटी टाकून माणूस उठून गेला," ती म्हणाली, "आणि तुला पास केलं? हल्ली कुणालाही डिग्र्या देतात बाई!"