ट्रकाच्या पोटात लाँच

"ट्रकाचं इंजिन? हात् तिच्या! अरे, आमच्या जहाजाच्या इंजिनाला जिना होता, जिना! तीन मजले चढून वर गेलास की मग त्याचं डोकं दिसायचं. त्यापुढे हा म्हणजे पोरांचा खुळखुळा!"

महिपत हे बोलला तेव्हा त्याच्या एका हातात चहाची बशी होती आणि समोर मेव्हणा धाकू बसला होता. महिपतने बावीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये नोकरी केलेली. कामाचं स्वरूप तेल घालणं आणि पुसणं. पण निवृत्त होऊन गावी आल्यापासून ही बारीकसारीक माहिती त्याने कुणालाच दिली नव्हती.

धाकूचं सावर्ड्याला गॅरेज. तो समजुतीने म्हणाला, "भावोजी, तयार इंजिन मी आणून बसवतो. तुम्ही कशाला हात काळे करता?"

"हात काळे करूनच बावीस वर्षं काढली रे! हा ट्रक मी उभा करणार. इथे, माझ्या खळ्यात!"

ट्रक होता मथुराच्या वडिलांचा. मथुरा म्हणजे महिपतची बायको, धाकूची थोरली बहीण. त्या ट्रकातून वडिलांनी तीस वर्षं जांभ्याचे चिरे वाहिले. मग इंजिनाला तडा गेला, पाठोपाठ म्हातारेही गेले, आणि ट्रक येऊन मथुराच्या खळ्यात उभा राहिला. पाच वर्षांत ड्रायव्हरच्या सीटवर कोंबड्यांच्या चार पिढ्या उबवल्या गेल्या. दर दसऱ्याला मथुरा त्याला न चुकता झेंडूचा हार घाली. यंदा हार घालताना ती सहज बोलून गेली, "बाबांच्या गाडीत बसून एकदा पुळ्याला, गणपतीच्या दर्शनाला जायचं होतं हो."

एवढंच. पण महिपतच्या काळजात ते खिळ्यासारखं रुतलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, त्यातली बावीस तो समुद्रावर. एवढ्या काळात बाईने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट!

जयगडला रावजी नावाच्या गृहस्थाची जुनी प्रवासी लाँच मोडीत निघाली होती. तिची दोन इंजिनं किनाऱ्यावर शेजारी शेजारी ठेवलेली, अगदी जुळ्या भावांसारखी. महिपतने नारळ पारखावा तसं दोन्हींवर टिचक्या मारल्या, कान लावला आणि डाव्या हाताचं निवडलं.

"हेच का?" रावजीने विचारलं.

"आवाज गोड आहे," महिपत म्हणाला. "आम्हाला कळतं ते."

तिसऱ्या दिवशी ते धूड खळ्यातल्या फणसाला साखळीने लटकलं, आणि तिथून पडवीत उतरलं.

मग जे सुरू झालं, ते वाडीने जन्मात पाहिलं नव्हतं! महिपत एकेक भाग सोडवी, मथुरा रॉकेलने धुई आणि भात वाळवायच्या चटईवर ओळीने मांडी. कुठला पिस्टन कुठल्या भोकातला हे विसरू नये म्हणून तिने कुंकवाची बोटं लावली. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं करत सहाव्याला सहा. तो सहावा पिस्टन सौभाग्यवती होऊन बसला!

आणि महिपत? खरं सांगायचं तर महिपतच सगळ्यांत जास्त थक्क झाला होता. बावीस वर्षं त्याने इंजिनं बाहेरून पुसली होती. आत काय असतं ते तो आज पहिल्यांदा बघत होता! नव्या लायनरमध्ये, म्हणजे पिस्टनच्या नळकांड्यात, मथुराने डोकावलं, तर तिला तिचंच तोंड दुधीभोपळ्याएवढं लांब दिसलं.

"अहो, लोखंडच ना हे? आरशासारखं झालंय की!"

"ह्यात पिस्टन बसतो," महिपत हळूच म्हणाला, देवळात बोलावं तसा. "मध्ये केसाएवढी फट. त्याच्याहून जास्त नाय, कमी पण नाय. मिनिटाला दोन हजार वेळा वरखाली. आणि तरी टेकत नाय गो कुठे! मधे तेलाचा पापुद्रा असतो, त्याच्यावर सगळं."

मथुराने पदराच्या टोकाने त्यावरचा आपल्या बोटाचा ठसा पुसला.

बातमी पसरली. माणसं बघायला येऊ लागली, आणि का कोण जाणे, पडवीच्या पायरीशी चपला काढून आत येऊ लागली. शेजारच्या चिमाकाकूंनी त्या मांडलेल्या पसाऱ्याला एक प्रदक्षिणाच घातली. "महिपत, हे सगळं परत आत मावतं?"

मावलं! दोन महिने लागले, पण एक नटसुद्धा उरला नाही. धाकू सावर्ड्याहून मुद्दाम आला. इंजिन ट्रकात चढवायला आणि त्याला ट्रकाचा पंखा नि रेडिएटर जोडायला त्याने हात लावला. सगळीकडे बोट फिरवून पाहिलं आणि त्यालाही मान्य करावं लागलं, "भावोजी, बांधणी मात्र झकास!"

चालू करायच्या दिवशी खळं माणसांनी भरलं. महिपतने नारळ फोडला, कोंबड्यांना तेवढाच मान देऊन केबिनमधून खाली उतरवलं आणि चावी फिरवली.

धड्... धड्... आणि इंजिन गरजलं! काय तो आवाज! घरावरची कौलं थरथरली, विहिरीचं पाणी शहारलं, पोटात ढोल वाजावा तसं झालं. आणि मग ते असं सुरेख, एका लयीत घुमायला लागलं की मागची माणसं टाचा उंचावून पुढे सरकली. चिमाकाकूंनी हात जोडले. मथुराने डोळ्यांना पदर लावला आणि आरतीच्या ताटातला गुलाल मूठभर घेऊन ट्रकाच्या तोंडावर, जाळीवर उधळला.

सगळा गुलाल फर्रकन परत आला! मथुरा लाल, चिमाकाकू लाल, धाकूचा पांढरा शर्ट लाल!

"देवाने परत केलान गो!" चिमाकाकू किंचाळल्या.

"काही नाय, दाब आहे इंजिनात!" महिपत वरून ओरडला. त्याला आता कोण थांबवणार? त्याने छाती फुगवली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

ट्रक मागे गेला.

"रिव्हर्स पडला वाटतं!" महिपत पुटपुटला आणि त्याने दुसरा टाकला. ट्रक जास्त जोरात मागे गेला! मागचा चिऱ्यांचा गडगा ढासळला. घाबरून त्याने तिसरा टाकला, तशी गाडी गवताच्या उडवीत कमरेपर्यंत घुसली आणि बंद पडली. वरून अर्धी उडवी केबिनवर कोसळली. धुरळा बसला तेव्हा गवताच्या ढिगातून महिपतचं फक्त नाक दिसत होतं.

"लागलं का हो?" मथुरा धावली.

"मला नाय. आवाज ऐकलास?" महिपत गवत थुंकत म्हणाला. "काय गोड!"

धाकूने निदान केलं, "गिअरबॉक्समध्ये गडबड आहे." आठ दिवस खपून दोघांनी गिअरबॉक्स उतरवला, उघडला, बसवला. चिमाकाकूंनी ह्या वेळी खुर्ची लांब, गोठ्याजवळ घेतली. चावी फिरली, तोच देखणा आवाज घुमला, महिपतने पहिला गिअर टाकला...

नुकताच रचलेला गडगा पुन्हा ढासळला!

महिपतने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. धाकू विचार करत पुढे येऊन उभा राहिला. त्याचे केस मागे उडत होते. त्याने जाळीसमोर हात धरला.

"भावोजी, पंखा वारा आत ओढतो ना? मग हा बाहेर का फुंकतोय?"

महिपत खाली उतरला. दोघांनी वाकून पंख्याच्या पट्ट्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं.

"पंखा नाय रे," महिपतचा आवाज बसला. "इंजिनच उलटं फिरतंय."

जयगडला फोन लागला. पलीकडून रावजी शांतपणे म्हणाला, "उलटं कसलं? डावं आहे ते! लाँचच्या पाण्यातल्या दोन पंख्यांना दोन इंजिनं. दोन्ही एकाच बाजूला फिरली तर लाँच वाकडी जाते. म्हणून एक उजवं, एक डावं. ट्रकाला उजवंच लागतं."

"मग घेताना बोलला नाहीत ते?"

"अहो, बावीस वर्षं बोटीवर होतात ना? तुम्हाला मी काय शिकवू! उजवं अजून इथेच आहे, झाकून ठेवलंय."

महिपत पायरीवर बसला. पुन्हा उतरवणं, पुन्हा सोडवणं, धुणं, मांडणं, बांधणं. म्हणजे आणखी दोन महिने. त्याला मथुराकडे मान वर करून बघवेना. "बावीस वर्षं मी फक्त पुसायचो गो," तो हळूच म्हणाला. "बांधायला वेगळी माणसं होती."

"ठाऊक आहे मला," मथुरा म्हणाली. "तुमच्या पत्रांतून दर वेळी नवीन पुसणी मागवायचात की! मला एक सांगा. पाच गिअर मागे नेतात. मग रिव्हर्स टाकला तर?"

धाकूने हवेतच गिअरचा दांडा ओढून बघितला.

"पुढे जाईल," धाकू म्हणाला. "पण अक्का, बैलगाडीच्या चालीने."

"पुळं सात किलोमीटर आहे. मी साडी बदलून येते."

आणि बाबांचा ट्रक निघाला! रिव्हर्स गिअरमध्ये, पुढे तोंड करून, डौलात. मथुरा महिपतच्या शेजारी ताठ बसलेली, मांडीवर नारळ. वाडीतली माणसं पायीच निघाली आणि ट्रकाच्या पुढे जाऊन पुन्हा थांबू लागली. उलट्या पंख्याने पाणी तापे, म्हणून दर विहिरीशी थांबून घागरभर पाणी रेडिएटरात ओतायचं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. म्हाताऱ्या सासऱ्यांनी हौसेने रिव्हर्सचा भोंगा बसवून घेतला होता. गिअर रिव्हर्समध्ये, म्हणजे मागचे पांढरे दिवे चालू आणि भोंगाही चालू! "टुंई टुंई टुंई! सावधान! गाडी मागे येत आहे!" सात किलोमीटर अखंड!

मागून पर्यटकांच्या गाड्या येत होत्या. पहिल्याने दिवे बघितले, भोंगा ऐकला आणि घाबरून आपली गाडी मागे घेतली. त्याच्या मागच्याने घेतली. त्याच्याही मागच्याने घेतली. ट्रक पुढे जातोय हे कुणी बघेचना! वळणावर महिपतने आरशात पाहिलं तर दोन जीप, एक मिनीबस आणि आठ-दहा मोटारी ओळीने उलट्या रत्नागिरीकडे चालल्या होत्या.

"अहो, ही माणसं दर्शन न घेता परत का चालली?" मथुराने विचारलं.

"असतं एकेकाचं नशीब," महिपत म्हणाला आणि त्याने आरसा आत दुमडला.

समोर माडांच्या पलीकडे समुद्र दिसायला लागला. इंजिन त्याच सुरात घुमत होतं. मथुराने डॅशबोर्डवर तळवा टेकला आणि ती थरथर अंगात भिनवत बसली. "बाबांच्या वेळी एवढा गोड नव्हता आवाज," ती म्हणाली.  महिपतने उगाचच हॉर्न वाजवला.

पुळ्याला वाहनतळावर तुडुंब गर्दी. दोन बसच्या मध्ये जेमतेम एक फट उरलेली. तिथला माणूस शिट्टी फुंकत आला, "ओ काका! ट्रक इथे नाय मावायचा! मागे घेऊन लावता येईल तुम्हाला?"

मागे! महिपतने पहिला गिअर टाकला, मग दुसरा. एका झपाट्यात, कुठेही न घासता, ट्रक त्या फटीत लोण्यात सुरी जावी तसा जाऊन बसला. माणसाच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"काका! एवढी वर्षं इथे उभा आहे, पण अशी रिव्हर्स नाय बघितली कधी! कुठे शिकलात?"

महिपत खाली उतरला, मथुराला हात दिला आणि ओशाळून म्हणाला, "ती जमते हो. पुढे न्यायचीच तेवढी शिकायची ऱ्हायली."