नववी पट्टी

ऐक, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. मंगळवार, दुपारचे दोन, टोलेडो टगबोट्स या अमेरिकन फुटबॉल संघाची मीटिंगची खोली, आणि आत एकटा एमेट क्रुपा. दोन्ही हातांत डोनटचे खोके, एक हनुवटीखाली दाबलेला, पाठीवर बॅग. आणि समोर तो फळा.

फळा कसला, त्या इमारतीतला देवच तो! कॅम्प सुरू झाला तेव्हा नव्वद खेळाडू आले, म्हणून नव्वद चुंबकाच्या पट्ट्या, प्रत्येकीवर एक नाव. आज चारच्या ठोक्याला लीगकडे त्रेपन्न नावांची यादी जायची. ज्याची पट्टी फळ्यावर तो संघात, ज्याची पट्टी खालच्या ट्रेमध्ये त्याने बॅग भरायची. काल संध्याकाळी मुख्य कोच स्ट्रिकलिनने सगळ्यांना दम दिला होता, "या फळ्याला जो हात लावेल, त्याचं नाव मी सगळ्यांत आधी कापीन."

एमेटने हात लावलाच नाही. लावली बॅग. खोके ठेवायला तो वळला, बॅगेचा पट्टा फळ्याच्या कोपऱ्यात अडकला, आणि तो चाकांवरचा फळा मस्त गिरकी घेऊन जमिनीवर असा आडवा झाला की बस्स! नव्वदच्या नव्वद पट्ट्या. फ्रिजखाली, हीटरमागे, एक तर डोनटच्या खोक्यात.

आता एमेट म्हणजे कोण? पुढच्या फळीच्या कोचचा सहायक. म्हणजे कॉफी आण, कागद छाप, व्हिडिओ काप, आणि आज फळ्यावरची यादी लीगकडे पाठव. पण पोरगं हुशार हं. कॅम्पभर त्या फळ्याकडे बघून बघून त्याला सगळं तोंडपाठ. गुडघ्यांवर बसला आणि पटापट लावत सुटला. फेकणारे तीन, पळणारे चार, लाथ मारणारा एक... पंचवीस मिनिटांत बावन्न पट्ट्या जागेवर, छत्तीस ट्रेमध्ये! एक जागा उरली. हातात पट्ट्या दोन.

ग्रेडी हॉकाडे. आणि सेमिसी फाकाटाऊ.

आणि कुणाची जागा होती ती? पुढच्या फळीतल्या नवव्याची. ही फळी म्हणजे ती पाच धिप्पाड माणसं, चेंडू फेकणाऱ्यापुढे भिंतीसारखी उभी असतात ना, ती. नीट खेळले तर त्यांचं नाव कुणी घेत नाही, चुकले की अख्खं स्टेडियम घेतं. पाच खेळतात, चार बाकावर. त्या चारातल्या शेवटच्या जागेवरून स्ट्रिकलिन आणि फळीचा कोच पॉप हॅन्राहन तीन आठवडे भांडत होते. काल संध्याकाळी निकाल लागायची वेळ आली, आणि नेमकं तेव्हाच एमेटला चिकन आणायला पिटाळलं. तो परत आला तर दिवे बंद, सगळे घरी!

म्हणजे नववा कोण, हे फक्त फळ्याला माहीत होतं. आणि फळा तोंडावर पडला होता.

सरळ जाऊन विचारलं तर नोकरी गेली. मग एमेटने काय केलं? पळत मैदानावर गेला. तिथे पॉप तोंडात सूर्यफुलाच्या बिया चघळत कुणावर तरी ओरडत होता.

"पॉप, तो नववा... झकास निवड हं!"

"झकास म्हणजे काय! तीन आठवडे भांडलोय मी."

एमेटचा जीव भांड्यात पडायला आला. "मला तर पहिल्यापासून वाटत होतं. त्याचे ते पाय..."

"पाय सोड, हात बघ."

"हो हो, हातच! हातच म्हणतोय मी."

"आणि गुडघे वाकवून खाली किती बसतो! जो खाली बसतो तो जिंकतो. लिहून ठेव."

"लिहिलं. आणि पॉप... तो मूळचा कुठला हो?"

पॉपने बी थुंकली आणि त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "क्रुपा, ऊन लागलंय का तुला? सावलीत जा. आणि यादी पाठव."

तिथून पोरगं तडक कपड्यांच्या खोलीत. सामान सांभाळणारा लेस्टर कपाटांवरच्या नावांच्या पाट्या काढत होता. एमेटने मान लांब केली. ग्रेडीची पाटी जागेवर. सेमिसीचीही जागेवर!

"लेस्टर, या दोघांतलं कुठलं कपाट रिकामं करणार रे?"

"तू सांगशील ते. तुझ्या यादीची वाट बघतोय. स्वयंपाकघरवाले बघतायत, विमानाची तिकिटं काढणारी बाई दोनदा येऊन गेली. कुठाय यादी?"

म्हणजे बघ, अख्खी इमारत एमेटकडे बघतेय, आणि एमेट इमारतीकडे!

शेवटी त्याने ठरवलं, आपणच पारखू. दार लावलं आणि शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ लावला. दोघेही सेहेचाळीस डाव खेळलेले. प्रत्येक डावाला पाय कुठे पडला, हात कुठे लागले, समोरचा अडला का. बरोबर असेल तर अधिक, चूक असेल तर उणे. ग्रेडी, नेब्रास्काचा, दिवसाला चार शब्द बोलणार, पण एकदा उभा राहिला की ट्रॅक्टर आणला तरी हलायचा नाही. एक्केचाळीस अधिक. सेमिसी, यूटाचा, मूळ टोंगा बेटांवरचा, सव्वातीनशे पौंडांचा गडी पण पाय असे की मांजराने शिकवणी लावावी. किती? एक्केचाळीस अधिक! ग्रेडीच्या पाच चुका सावकाशीच्या, सेमिसीच्या पाच घाईच्या. एमेटने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तोपर्यंत वाजले तीन वीस.

आणि मग त्याला ती कल्पना सुचली. त्याला वाटलं, काय डोकं चाललंय आपलं! दोघांनाही कोचच्या दारात उभं करू. कोच ज्याला मिठी मारेल तो राहिला, ज्याच्या खांद्यावर हात ठेवून उसासा टाकेल तो गेला. काम फत्ते.

दोघेही वरच्या कॉरिडॉरमध्ये एकाच बाकावर बसले होते. बाक मधोमध वाकला होता. अख्खा कॅम्प दोघे एकाच खोलीत राहिलेले. दोघांत मिळून एक डोनटचा खोका चालला होता, भीतीने.

"चला, कोच बोलावतायत," एमेट म्हणाला.

दोघे चावायचे थांबले. त्या दिवशी तिथे एक वाक्य कुणालाच ऐकायचं नसतं. 'डावांचा टॅब घेऊन ये.' संघाचे सगळे डाव असलेला तो टॅब परत द्यायचा म्हणजे घरी जायचं. सेमिसीने हळूच विचारलं, "भावा... टॅब घेऊन, की न घेता?"

"अं... असू दे जवळ."

"दोघांनीही?"

"दोघांनीही असू दे."

ग्रेडीचा चेहरा पिठासारखा पांढरा. तो उठला तसा त्याच्या गुडघ्याने खोका उडाला, आणि जॅमने भरलेला एक डोनट घरंगळत खिडकीखाली जाऊन बसला.

एमेटने दार वाजवलं. स्ट्रिकलिनने उघडलं, ग्रेडीकडे पाहिलं, सेमिसीकडे पाहिलं. मिठी नाही, उसासा नाही, काही नाही! नुसता म्हणाला, "क्रुपा, आत." आत पॉप बसलेला, पुढ्यात बिया. दार बंद झालं.

"दोघांना कशाला आणलंस? यादीत आहे त्याला आण. यादी कुठाय?"

आणि एमेट फुटला रे. "कोच, फळा पडला! म्हणजे मी पाडला. म्हणजे बॅगेने पाडला. बावन्न लावले बरोबर, पण नववा कोण होता ते मी बघितलंच नव्हतं! कापा माझं नाव, पण आधी नववा सांगा, वीस मिनिटं उरलीत!"

स्ट्रिकलिनने पॉपकडे पाहिलं. पॉपने बियांकडे.

"पॉप," स्ट्रिकलिन सावकाश म्हणाला, "तू कुणाला लावलं होतंस?"

"मी? मी कुठे? मी निघालो तेव्हा जागा मोकळी होती. म्हटलं शेवटी तुम्ही मुख्य कोच, लावा तुम्हाला हवा तो."

"अरे, मी तुझ्यावर सोडून गेलो! फळी तुझी, माणूस तुझा."

म्हणजे त्या जागी कुणीच नव्हतं! दोन्ही पट्ट्या ट्रेमध्येच होत्या!

"पण पॉप, तुम्ही तर म्हणालात झकास निवड..."

"तू म्हणालास झकास! मी म्हटलं, असेल झकास."

"बरं, आता ठरवू," स्ट्रिकलिन म्हणाला. "तुला ग्रेडी हवा होता, घे ग्रेडी."

"छे छे, काल तुम्हीच मला पटवलंत की सेमिसी! तीन जागी खेळतो पोरगा."

"आणि तू मला पटवलंस की ग्रेडी! रात्रभर विचार केला, पटलं मला. भिंत आहे भिंत!"

"भिंत काय चाटायचीय? पाय बघा सेमिसीचे!"

"पाय तीन आठवडे मीच दाखवत होतो तुला, हट्टी म्हाताऱ्या!"

सुरू! तेच भांडण, फक्त बाजू उलट्या. आणि आवाज असा चढला की त्या पातळ दाराबाहेर बसलेल्यांना शब्द न् शब्द ऐकू जात होता. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तीन बेचाळीस झाले, आणि बाहेरून आवाज आला. धप्प! भिंतीवरचा फोटो वाकडा झाला. पुन्हा धप्प!

तिघे दाराकडे धावले. बाहेर बघतात तर काय!

"ढकल मला! जोरात!" ग्रेडी ओरडत होता. ग्रेडी! दिवसाला चार शब्दवाला!

"तूच ढकल की! मी पडतो ना!" सेमिसी ओरडला. "तुला पुढच्या महिन्यात जुळी होणारेत, बैला!"

"आणि तुझी आई अकरा माणसं घेऊन येतेय पहिल्या सामन्याला! शर्ट छापलेत तिने!"

"शर्ट फरशी पुसायला घेईल ती! तू उभा राहा!"

"मी पडणार! कोचना दिसू दे मी पडतो!"

समजलं का तुला? दोघेही हरायला बघत होते! अख्खा कॅम्प एकमेकांची जागा घ्यायला झटले, आणि आता एकमेकांना जागा द्यायला भांडत होते. सेमिसीने दोन्ही हात ग्रेडीच्या छातीवर लावले आणि दिला रेटा. ग्रेडीने डोळे मिटले, पडायची पूर्ण तयारी. पण त्याचे गुडघे आपोआप वाकले, कंबर खाली गेली, पाय रुतले. हलला नाही!

"पड ना रे!"

"पडतोच आहे!" ग्रेडी रडकुंडीला आला. "जमत नाहीये!"

"सैल सोड अंग!"

"सैलच आहे!"

स्ट्रिकलिनचे डोळे चमकायला लागले. त्याने पॉपचा दंड धरला. पॉपच्या तोंडातली बी ओठावरच राहिली.

सेमिसीने पुन्हा रेटा दिला, सगळा जीव लावून. ग्रेडी जागचा नाही हलला, आणि सेमिसीच मागे गेला, एक पाय हवेत, दोन्ही पाय हवेत, आणि धडाम! अख्खा मजला हादरला. बाक मोडला. खालून लेस्टर ओरडला, "भूकंप का?"

"संपलं!" स्ट्रिकलिनने टाळी वाजवली. "पडायचं ठरवूनसुद्धा ज्याला पडता येत नाही, असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघतोय मी! पॉप?"

"भिंत आहे," पॉप भारावून म्हणाला. "मी तीन आठवडे हेच सांगत होतो."

"आणि हा बिचारा जॅमवरून घसरला. क्रुपा, ग्रेडी हॉकाडे. पळ, पाठव यादी!"

ग्रेडी दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला टेकला. दोन्ही कोच त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि हा रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. एमेट सेमिसीला उठवायला वाकला. आणि वाकला म्हणून त्याला दिसलं.

तो डोनट अजून खिडकीखालीच होता. सहा फूट लांब. अखंड, वरची पिठीसाखरसुद्धा जागेवर. सेमिसीच्या दोन्ही बुटांचे तळवे समोरच होते, वर केलेले. स्वच्छ. जॅमचा थेंब नाही.

ते मांजराचे पाय, रे. सेहेचाळीस डावांत एकदाही न घसरलेले. एमेटने व्हिडिओ दोनदा बघितला होता ना!

सेमिसीला कळलं की याला कळलंय. त्याने पडल्या पडल्या एक बोट ओठांवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने डावांचा टॅब एमेटपुढे धरला. "घे भावा," तो म्हणाला. "आणि तो डोनट दे इकडे. वाया कशाला घालवायचा?"

तीन अठ्ठावन्नला एमेट खाली फळ्यासमोर उभा होता. हातात दोन पट्ट्या. एक त्या माणसाची, ज्याला पडता येत नव्हतं. दुसरी त्याची, ज्याला इतकं सुंदर पडता आलं की दोन कोचना, पन्नास वर्षांचा अनुभव असून, कळलंच नाही. आता तूच सांग, यातला चांगला खेळाडू कुठला? फोन वाजत होता, लेस्टर दारात, तिकिटवाली बाई त्याच्या मागे.

एमेटने ग्रेडीची पट्टी लावली, यादी पाठवली आणि तिघांनाही सांगितलं, "झालं." सेमिसीचा टॅब अजून त्याच्या काखेत होता, त्यावर पिठीसाखरेचा एक अंगठा उमटलेला. तो त्याने पुसला नाही.

बुटांचं तो कुणाला बोलला नाही. दोन मिनिटं होती त्याच्याकडे, वर पळत जाऊन सांगता आलं असतं. खरं सांग, तू असतास तर काय केलं असतंस?